बाणाच्या उजवीकडचा क्रम : भाषाविज्ञान शिकवणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी भाषाविज्ञानाच्या पेपरात मी नापास झाले, तेव्हा आपण मला सलग तीन रविवार विभागात बोलावून इंग्रजी वाक्यांचे पृथक्करण पुन्हा पहिल्यापासून शिकवले होते. पुढे पेपर सुटला, पदवी मिळाली. पण आपले आभार मानायचे राहून गेले, कारण आपण मला नेमके काय दिले हे मला तेव्हा पुरते उमगलेच नव्हते. इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणे हाच व्यवसाय झाल्यावर ते हळूहळू कळत गेले. ‘फ्रेज स्ट्रक्चर रूल्स’ (वाक्य कोणत्या पदबंधांनी, म्हणजे शब्दगटांनी, बनते ते सांगणारे नियम) या प्रकरणाची धास्ती घेतलेले आणखी कोणी असतील, त्यांच्याही वाचनात यावे म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

‘एस → एनपी + व्हीपी’ (एस म्हणजे वाक्य, एनपी म्हणजे नामपदबंध, व्हीपी म्हणजे क्रियापदबंध) हे सूत्र मी तोपर्यंत बीजगणितासारखे पाठ केले होते. पहिल्या रविवारी आपण ते फळ्यावर लिहून मला मोठ्याने वाचायला सांगितलेत आणि मी बाणाच्या जागी ‘बरोबर’ म्हटल्यावर तिथेच थांबवलेत. डावीकडचे चिन्ह पुसा आणि त्याच्या जागी उजवीकडची चिन्हे लिहा, एवढीच या बाणाची आज्ञा आहे, असे आपण सांगितले. मग भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या 1957 सालच्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मधले ‘द मॅन हिट द बॉल’ हे वाक्य घेऊन आपण एकेक ओळ उतरवत गेलात : वाक्याच्या जागी नामपदबंध आणि क्रियापदबंध, क्रियापदबंधाच्या जागी क्रियापद आणि आणखी एक नामपदबंध, नामपदबंधाच्या जागी ‘द’ आणि नाम, आणि अगदी शेवटी प्रत्यक्ष शब्द. त्याच ओळींवरून काढलेले झाड, म्हणजे वाक्यापासून शब्दांपर्यंत फांद्या फुटत जाणारी आकृती, खालून वर वाचले की कोणते शब्द मिळून एक घटक होतो ते दिसते, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

तरीही माझी शंका होती की हे गट कोणी ठरवले, शब्द तर एका रांगेत येतात. आपण पुस्तकातले उत्तर न देता ‘द ओल्ड टीचर फ्रॉम सातारा बॉट अ पेन’ असे वाक्य दिलेत आणि कुठल्या शब्दांच्या जागी एकच सर्वनाम बसते ते शोधायला लावलेत. ‘द ओल्ड टीचर फ्रॉम सातारा’ या सगळ्याच्या जागी ‘शी’ सहज बसला. ‘सातारा बॉट अ’ हे तीन शब्दही शेजारी-शेजारीच होते, पण त्यांच्या जागी काहीच बसेना. भाषाशास्त्रज्ञ ब्लूमफील्ड यांनी 1933 मध्ये ‘पुअर जॉन रॅन अवे’ हे वाक्य आधी ‘पुअर जॉन’ आणि ‘रॅन अवे’ असे दुभागले होते, त्यामागेही अशीच जाण होती, असे आपण जाता जाता सांगितलेत. गट कोणाच्या मर्जीने पडत नाहीत, ते भाषा बोलणाऱ्याच्या मनात असतात आणि त्यांची परीक्षा घेता येते, ही खात्री मला आपण दिलीत. माझ्या लेखी तीन रविवारांतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

दुसऱ्या रविवारचे ‘आय सॉ द मॅन विथ अ टेलिस्कोप’ हे वाक्य तर आता माझ्या रोजच्या कामाचा भाग झाले आहे. त्यातला ‘विथ अ टेलिस्कोप’ हा पीपी (‘विथ’सारख्या अव्ययाने सुरू होणारा पदबंध) क्रियापदबंधाखाली लावला तर दुर्बीण पाहणाऱ्याची होते, नामपदबंधाखाली लावला तर ती समोरच्या माणसाच्या हातात जाते. शब्द तेच, क्रम तोच, झाडे मात्र दोन. इंग्रजी लिहिणाऱ्याला यातले काहीच ठरवावे लागत नाही, पण मराठीत ‘मी दुर्बिणीतून त्या माणसाला पाहिले’ किंवा ‘दुर्बीण घेतलेल्या माणसाला मी पाहिले’ यांतले एक निवडल्यावाचून लेखणी पुढे सरकत नाही. याउलट एका सवलतीच्या मसुद्यात ‘ओल्ड मेन अँड वुमेन’ असे शब्द आले, तेव्हा ‘वृद्ध पुरुष आणि स्त्रिया’ हा अनुवाद मुळाइतकाच संदिग्ध राहिला असता आणि कोणाच्या ते लक्षातही आले नसते. मी दोन्ही झाडे काढून मसुदा पाठवणाऱ्यांकडे धाडली आणि सवलत सर्व स्त्रियांना आहे की फक्त वृद्ध स्त्रियांना, हे विचारून घेतले. त्या दिवशी आपली फार आठवण झाली.

तिसऱ्या रविवारी आपण ‘द की टू द डोअर ऑफ द रूम’ हा पदबंध दिलात. एनपीच्या पोटात पीपी, त्या पीपीच्या पोटात पुन्हा एनपी, असे दोनच नियम एकमेकांना बोलावत राहतात आणि पदबंध हवा तेवढा लांबवता येतो, हे समजावून झाल्यावर आपण त्याचे मराठी विचारलेत. ‘खोलीच्या दाराची किल्ली’ असे मी म्हणताच आपण दोन्ही झाडे शेजारी काढलीत : इंग्रजीत किल्ली, दार, खोली, मराठीत खोली, दार, किल्ली. जणू आरशातले प्रतिबिंब. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी, आपल्याकडे नामाला मागून चिकटलेले. तिकडे क्रियापद कर्माच्या आधी, इकडे नंतर. पदबंधांची घडण तीच ठेवून बाणाच्या उजवीकडचा क्रम तेवढा उलटायचा, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर लांबलचक इंग्रजी वाक्याला डावीकडून उजवीकडे शब्दामागून शब्द मराठी चढवण्याची माझी सवय कायमची सुटली. आता करारातले सात-आठ ओळींचे वाक्य आले की मी आधी मुख्य क्रियापद शोधते, त्याचा कर्ता कुठे संपतो ते पाहते आणि मगच शेवटापासून मागे येत मराठी वाक्य बांधते.

या नियमांनी सगळे साधते असे मात्र आपण मला कधी भासवले नाही. ‘हॅज बीन रीडिंग’मध्ये ‘हॅव’चा जोडीदार प्रत्यय (‘बीन’मधला ‘-एन’) पुढच्या ‘बी’ला जाऊन चिकटतो आणि त्या ‘बी’चा प्रत्यय (‘-इंग’) ‘रीड’ला, त्यामुळे एकमेकांचे असलेले तुकडे शेजारी राहत नाहीत, कर्तरी आणि कर्मणी वाक्यांतले नातेही केवळ या नियमांनी नीट सांगता येत नाही, म्हणून चॉम्स्की यांनी त्याच पुस्तकात रूपांतरणाचे, म्हणजे एका रचनेतून दुसरी रचना घडवणारे, नियम जोडले, हे आपण मला परीक्षेला लागणार नसतानाही सांगितलेत. साधन कुठे तोकडे पडते हे ठाऊक असल्यामुळे ते मी अधिक निर्धास्तपणे वापरू शकते.

पाठकोऱ्या कागदांवर आपण काढून दिलेली ती झाडे मी जपून ठेवली आहेत. आपल्या हाताने लाल शाईत दुरुस्त केलेल्या फांद्यांसकट. त्या तीन रविवारांबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

आपली विद्यार्थिनी