घटपर्णीसाठी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना आभारपत्र

आदरणीय काकू,
सविनय नमस्कार.

गेल्या मे महिन्यात करपलेली घटपर्णी (घटासारख्या पानांत कीटक पकडणारे ते झाड) हातात घेऊन मी आपल्या दारात उभा राहिलो, तेव्हा आपण कुंडीत बोट घालून एवढेच विचारलेत, "शेणखत घातलंय ना?" शेणखत घातले होते, लाल माती होती आणि वर गुलाबाचे दाणेदार खतही होते. ज्या जमिनीत नत्र जेमतेम मिळते तिथे वाढल्यामुळेच ही झाडे कीटक धरून ती उणीव भरून काढतात, आणि म्हणून कुंडीतल्या खताचे क्षार त्यांच्या मुळांना जाळतात, हे आपण समजावलेत. मग नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन दिवस भिजवून, चार वेळा पाणी बदलून, पर्लाइटसह (कुंडी मोकळी ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) माझ्यासमोरच कुंडी नव्याने भरलीत. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्या बाईंनी माझ्या अज्ञानावर न हसता हे केले, याचे मोल मला अधिक वाटते.

नळाचे पाणी थांबवून पावसाचे पाणी पिंपात साठवण्याचा आपला सल्ला मी जूनपासून पाळला. प्रत्येक घटात चिमटीने मुंग्या सोडण्याचा माझा उद्योगही आपण बंद केलात, कारण जास्त भक्ष्य पडले की घट आतून कुजतो. (मुंग्यांनीही सुटकेचा श्वास सोडला असावा.)

माझ्या दुसऱ्या कीटकभक्षी रोपाविषयी, पाती मिटून किडा पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपविषयी, मात्र आपण मला खोटी आशा दाखवली नाहीत. अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या पाणथळ जमिनीतल्या त्या रोपाला दर हिवाळ्यात काही महिन्यांची थंड विश्रांती लागते आणि मुंबईचा जानेवारी ती देऊ शकत नाही, हे आपण सांगितलेत. तोवर त्याच्या पात्यांत काडी खुपसून ती मिटताना पाहणे हा माझा रोजचा खेळ होता, आणि त्यात रोपाची शक्ती वाया जात होती. ते रोप गेले. त्याच्या जागी आपण दिलेला दवबिंदू (ड्रॉसेरा ही कीटकभक्षी वनस्पती) आज लालसर चिकट केसांनी चमकतो आहे. सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पावसाळ्यात त्याचे भाईबंद उगवतात हे ऐकल्यापासून परदेशी रोपांचा माझा हव्यास बराच ओसरला आहे.

ऑगस्टमध्ये घटपर्णीचा पहिला नवा घट उघडला. आता पाच आहेत. दोन पिंपे पाणी शिल्लक आहे. उन्हाळ्यात आपल्या कुंड्यांना लागले तर निरोप द्यावा, मी स्वतः आणून देईन.

आपला कृतज्ञ,
चौथ्या मजल्यावरचा शेजारी
मुलुंड, मुंबई