ठोक्यांचा हिशेब सगळ्यांना एकच कसा?

गोल्फ क्लब मैदानावर सकाळी मनगटावरचे ठोके बघत चालणारे वाढलेत, चांगलेच आहे. पण व्यायामात हृदयाचे ठोके मिनिटाला कमाल किती जाऊ शकतात, यासाठी ‘२२० वजा वय’ हा एकच हिशेब सरसकट सगळ्यांच्या माथी मारला जातो. स्त्रियांसाठी २०१० मध्ये शिकागोतील संशोधकांनी वेगळे सूत्र मांडले: २०६ वजा वयाच्या ०.८८ पट. म्हणजे पन्नाशीच्या बाईंची कमाल मर्यादा १७० नव्हे, १६२. स्त्रीचे हृदय आकाराने लहान, एका ठोक्यात रक्त कमी ढकलते. त्यामुळे पांडवलेणीच्या त्याच पायऱ्यांना तिचे ठोके जास्त पडतात. त्यात रजोनिवृत्तीनंतर रक्तवाहिन्या ताठर होत जातात, व्यायामात वरचा रक्तदाब अधिक चढू शकतो. नवरा-बायकोला एकाच वेगाने पळवणारे जिमवाले हे सांगत नाहीत. महापालिकेने जॉगिंग ट्रॅकवर निदान बायकांचा वेगळा तक्ता तरी लावावा.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक