सीताबर्डीच्या लढाईतले अप्पासाहेब

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

महाराष्ट्र दिनी सीताबर्डीचा किल्ला सर्वांसाठी खुला असतो, तेव्हा मी वर्गातल्या मुलांना घेऊन जाते. लढाईत पडलेल्या इंग्रज सैनिकांच्या कबरी ती पाहतात आणि हमखास विचारतात, ‘बाई, आपला राजा कुठे होता?’

नागपूरकर भोसल्यांचे अप्पासाहेब तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेले होते. मे १८१६ मध्ये, कारभार आपल्याच हाती राहावा म्हणून, त्यांनी तैनाती फौजेचा तह केला. वर्षाला साडेसात लाख रुपये द्यायचे आणि परक्यांची फौज उशाशी ठेवायची! माझ्या मते राज्य तिथेच गेले. पुढच्या फेब्रुवारीत गादीवर असलेल्या त्यांच्या चुलत भावाचा, परसोजीराजांचा, खून झाला. त्याचा ठपका अप्पासाहेबांवर आहे आणि तो मुलांपासून लपवू नये.

२४ नोव्हेंबर १८१७ ला, नागपूर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) जेन्किन्स याचा विरोध असूनही, त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे भर दरबारात स्वीकारली. २६ च्या संध्याकाळी लढाई जुंपली. इंग्रजांकडे दीड हजारही माणसे नव्हती, आपल्याकडे अठरा हजारांच्या आसपास. भोसल्यांच्या फौजेतल्या अरब शिपायांनी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांपैकी धाकटी काबीजही केली होती. पण २७ ला इंग्रजांच्या मूठभर घोडदळाने खाली येऊन आपल्या तोफा हिसकावल्या, टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि डाव उलटला. त्यानंतर अप्पासाहेबांनी ‘हल्ला माझ्या हुकमाने झाला नाही’ असा निरोप धाडला. हे वाचताना आजही जिवाला लागते. डिसेंबरात ते इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी अरब शहर सोडेनात; आठवड्याहून अधिक काळ ते लढत राहिले.

मार्च १८१८ मध्ये अप्पासाहेबांना कैद झाली. अलाहाबादकडे नेत असताना, मे महिन्यात जबलपूरजवळ, पहाऱ्यावरच्या कंपनीच्याच शिपायांनी त्यांना शिपायाच्या वेशात निसटू दिले. सातपुड्यातल्या महादेवाच्या डोंगरांत गोंडांनी त्यांना महिनोन् महिने सांभाळले, त्यांच्यासाठी इंग्रजांशी झुंज घेतली. पदच्युत राजासाठी गोंडांनी एवढे का करावे? शिकवण्यासारखा इतिहास हाच आहे. शेवटी जोधपूरच्या मानसिंहांनी आसरा दिला आणि मागणी होऊनही त्यांना इंग्रजांच्या हवाली केले नाही. १८४० मध्ये अप्पासाहेब तिथेच वारले.

किल्ला खुला असेल त्या दिवशी तिथे मराठी आणि गोंडी भाषेत फलक लावावा. त्यावर १८१६ च्या तहापासून जोधपूरपर्यंतची हकीकत असावी. अरबांचा, त्या शिपायांचा आणि गोंडांचा उल्लेख असावा. मजकूर लिहून द्यायला मी आणि माझे सहकारी शिक्षक तयार आहोत.

एक शिक्षिका,
महाल, नागपूर