सांगलीचं घर विकू नका

प्रिय आई-बाबा,

शनिवारी एडिसनला येतेच आहे, पण त्याआधी हे तुम्ही दोघांनी शांतपणे वाचावं म्हणून लिहितेय. समोर बसून सांगितलं असतं तर आई रडली असती, बाबा गप्प झाले असते आणि मला पुढचं काही बोलताच आलं नसतं. मी इथल्या, अमेरिकेच्या सैन्यात भरती होतेय. करारावर सही झाली आहे. चार वर्षं, कॉम्बॅट मेडिक म्हणून, म्हणजे लढाईत जखमींवर उपचार करणारी.

आई, शेवटपर्यंत वाच, मग रड.

नर्सिंगची पदवी मला घ्यायचीच आहे, पण सांगलीचं घर विकून नाही. बाबा, तुम्ही दलालाशी बोललात हे काकूने सांगितलं. तिच्यावर रागावू नका. ३६ महिने सेवा झाली की जीआय बिलाचा, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणाऱ्या सरकारी योजनेचा, पूर्ण लाभ मिळतो. आपल्या न्यू जर्सीतल्या सरकारी विद्यापीठाची सगळी फी, पुस्तकांना वर्षाला १,००० डॉलरपर्यंत, शिवाय वर्गात बसून शिकत असेन तोवर दरमहा घरभाडं. असं ३६ महिने, म्हणजे नऊ-नऊ महिन्यांची चार वर्षं. डोक्यावर कर्ज नाही. भरतीवाल्याच्या शब्दावर मी गेले नाही, नियम स्वतः वाचले. १९४४ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी या योजनेच्या पहिल्या कायद्यावर सही केली, तेव्हापासून लाखो सैनिक असेच शिकले. आणि बाबा, अण्णा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते म्हणूनच ना तुम्ही वालचंद कॉलेजात शिकलात?

मेडिकला धोका नसतोच असं तुम्हाला खोटं सांगणार नाही. चार वर्षांनंतरही राखीव दलात नाव राहतं, एकूण बंधन आठ वर्षांचं. पण जखमी माणसाला सावरायचं काम आहे, आणि तेच मला आयुष्यभर करायचंय.

जेवणाची काळजी नको. मेसमध्ये अंडी, फळं, भाज्या असतात, बाहेरच्या सरावात शाकाहारी पाकिटंही मिळतात. बूट, गरम कपडे, दातांचा डॉक्टर, चष्मा, सगळं तेच देतात. फक्त ताप आला की मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायला तू नसशील, आई. त्याची मलाही भीती वाटते गं.

पहिले दहा आठवडे प्राथमिक प्रशिक्षण, साउथ कॅरोलायनात, फोर्ट जॅक्सनला. फोन क्वचितच हातात देतील. आला नाही तर घाबरायचं नाही, पत्रं लिहायची. पुढचं मेडिकचं शिक्षण सॅन अँटोनियोत. बाबा, साखर दर सकाळी मोजून वहीत लिहा, आकडा गाळायचा नाही. आई, गुडघ्याच्या गोळ्या जेवणानंतरच, आणि बर्फ काढायला फावडं हातात घ्यायचं नाही, शेजारच्या मुलाला सांगून ठेवलंय.

दहा आठवड्यांनंतर संचलन असतं, घरच्यांना बोलावतात. तारीख कळली की तिकिटं मीच काढेन. तुम्ही दोघांनी यायचं, आणि विमानात बाबांनी मधूनमधून उठून चालायचं.

तुमची,
मनू