सुमे, आता हात न टेकता उठते

पुणे
रविवार, आषाढी एकादशीनंतरचा

प्रिय सुमे,

तुझे तीन फोन मी उचलले नाहीत. पहिला रागाने, पुढचे दोन लाजेने. आज लिहायला बसले, कारण झालेलं फोनवर सांगायला घेतलं तर मला रडू फुटेल आणि तू माझं पुरतं ऐकून न घेता "थांब, मी निघते" म्हणशील. आमच्या तब्येती बऱ्या आहेत. माझी थायरॉईडची गोळी चालू आहे, यांची साखर आटोक्यात आहे, आई आता ठीक आहे.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई मोरीत घसरली. मला आवाज आला तो बादली पडल्याचा. जाऊन पाहते तर ती उंबऱ्याला पाठ लावून बसलेली, डावं मनगट उजव्या हातात धरून. हे ऑफिसात होते आणि लेक तिकडे हॉस्टेलवर. मी तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं. ती कळवळली. पुन्हा ओढलं. तिसऱ्या वेळी माझेच गुडघे लटपटले आणि मी तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले. सुमे, माझी आई फक्त ५२ किलोची आहे गं! आणि तिला मी उचलू शकले नाही.

वीस-पंचवीस मिनिटं आम्ही दोघी तिथेच होतो. मी रडत होते, तर आई म्हणते, "इथून बघ, बेसिनखाली किती जळमटं झालीयत. उभं राहून दिसतच नाहीत." शेवटी खालच्या दुकानातल्या मुलाला हाक मारली, तो तीन मजले धावत आला. मनगटाला फक्त मुका मार होता. पण त्या फरशीवर बसल्या बसल्या मला तू आठवत होतीस. मावशींना तू सात महिने पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर हलवलंस. आणि मी भेटायला आले त्या दिवशी तू मला म्हणालीस, "आधी खुर्चीतून हात न टेकता उठून दाखव, मग मला आराम कर म्हणून सांग." मला वाटलं तू माझ्या जाडीवर बोलतेयस. सगळ्यांसमोर बोललीस, म्हणून मी जास्तच दुखावले. शनिपारचं भांडण तू विसरलीस तसं हेही विसरशील, असं धरून मी गप्प राहिले. पण तू बरोबर होतीस. हे एवढं एक वाक्य लिहायला मला इतके दिवस लागले.

आईसाठी फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायला लागली. तिने आधी आम्हाला पडलेल्या माणसाला कसं उठवायचं ते शिकवलं. काखेत हात घालून ओढायचं नाहीच. आधी कुठे जोराचं दुखत नाही ना ते बघायचं. मग कुशीवर वळवायचं, मग हात-गुडघ्यांवर आणायचं, समोर भक्कम खुर्ची ठेवायची, माणसाने तिच्यावर हात रोवून एक पाऊल पुढे टाकायचं आणि स्वतः उठायचं. आपण नुसता आधार द्यायचा. तुला हे सगळं तेव्हाच माहीत असणार. मी विचारलं कधी नाही.

मग ती माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही उठून दाखवा." हात छातीवर बांधून स्वयंपाकघरातल्या खुर्चीतून उठायचं, बसायचं. तुझंच वाक्य, शब्दसुद्धा जवळजवळ तेच! सहावीला मांड्या थरथरायला लागल्या. ती म्हणाली, पाचपासून सुरुवात करा. मी म्हटलं, सहा होतात की. ती म्हणाली, म्हणूनच पाच.

हे मला पटायला वेळ लागला. तुला माझे आधीचे प्रकार ठाऊक आहेत. रथसप्तमीला त्या ग्रुपबरोबर एकदम १०८ सूर्यनमस्कार घातले होते. वर्षभरात कधी बारासुद्धा सलग घातले नव्हते. पुढचे चार दिवस जिना उतरताना कठड्याला लोंबकळत होते, आणि त्यानंतर सूर्यनमस्कार कायमचे बंद. मग जानेवारीत वर्षाची फी भरून लावलेली जिम. तिथे पहिल्याच दिवशी सगळी यंत्रं फिरवून आणली, दहाव्या दिवशी पाठ धरली. मग रोज पर्वती. १०३ पायऱ्या चढताना दम लागायचा तो चालून जायचा, पण उतरताना मांड्या भरायच्या. आता कळलं की उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो, म्हणून सवय नसेल तर तेच जास्त दुखतं आणि ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं. मी मात्र दर वेळी समजायचे की हे आपल्या शरीराला झेपणारं नाही. शरीराचं काही चुकत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी त्याच्याकडे सहा महिन्यांनंतरचं काम मागत होते, आणि या गोष्टीचा मला आता फार राग येतो, कारण कोणीच हे नीट सांगितलं नव्हतं. सगळीकडे "जोर लावा" एवढंच.

तर आता काय करते ते सांगते, तू हसशील इतकं थोडं आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी दूध तापायला ठेवलं की ओट्याला धरून टाचा उचलायच्या, दहा. मग गॅस बंद करून खुर्चीची उठबस. मग ओट्यावर हात टेकून जोर, तुझे दादा तालमीत जमिनीवर काढायचे तसलेच, पण उभ्याने. हे जमले की स्टुलावर, मग कधीतरी जमिनीवर. मग सतरंजीवर पाठीवर पडून कंबर वर उचलायची, सेतुबंधासन. शेवटी तांदळाची पाच किलोची पिशवी जमिनीवरून उचलायची, कमरेतून वाकून, पाठ सरळ, पिशवी अंगालगत. हे शेवटचं मी आईसाठी करते. पिशवी आता आठ किलोची झालीय. वीस मिनिटांत सगळं उरकतं. बाकीचे दिवस नुसतं चालायचं, सारसबागेला वळसा घालून, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंसाठी सांगते. माझं चालणं धरून १३० पर्यंत येतं. पोचेन.

आईही करते, तिच्या वेगळ्या खुर्चीवर, हात टेकून. पासष्टीपुढच्यांना तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस हवेत, म्हणून ती खिडकीचा गज धरून एका पायावर उभी राहते आणि माझे आकडे मोजते. मोजताना सातावरून परत पाचावर येते. मी म्हटलं, आई, सात झाले. म्हणते, "ते सातवं अर्धंच होतं."

आता खरी काळजी सांगते, जी घरात कोणाला सांगितलेली नाही. मी टिकेन का, हीच. आठ आठवडे झाले. कालनिर्णयवर ठिपके देते, २४ पैकी १९ ठिपके आहेत. त्यातला एक अख्खा आठवडा कोरा आहे. पालख्या आल्या तेव्हा घरात सांगलीची आठ माणसं, पहाटेपासून चहा, पोहे, वारकऱ्यांसाठी भाकरी, सतरंज्या पसरायला जागा नाही. ती गेली आणि मग दोन दिवस मी त्या कालनिर्णयकडे बघितलंच नाही. मला माहीत होतं हे कसं होतं. आधीचं प्रत्येक असंच संपलंय. एक खाडा, मग आठवडा, मग कोणी विचारलं की विषय बदलायचा. लेकाने मला एक वाचून दाखवलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांचा अभ्यास झाला होता, नवी गोष्ट अंगवळणी पडायला त्यांना सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ पुरले असतील, कोणाला २५४, आणि मधे एखादा दिवस चुकला तर त्याने बिघडलं नाही. मी ते ऐकून बरीच सावरले, आणि रात्री पुन्हा डोक्यात आलं की त्यात एखादा दिवस म्हटलंय, माझा आठवडा गेलाय. तू म्हणशील इतका काथ्याकूट कशाला. पण सुमे, मला भीती व्यायाम सुटण्याची नाही. पुढच्या वेळी ती पडेल आणि मी परत तशीच तिच्या शेजारी बसेन, याची आहे.

शुक्रवारी सुरू केलं परत. पाचपासून. बारापर्यंत गेले होते, तरी पाचपासून. त्या मुलीनेच सांगितलं होतं, खंड पडला की मागे जाऊन धरायचं. आईला काही बोलले नाही, तिने खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या होत्या.

म्हणून एक मागणं आहे. दर रविवारी मला फक्त आकडा विचार. "किती ठिपके?" एवढंच. आकडा कमी असेल तर समजवायला जाऊ नकोस, शिव्या दे. तुझ्या शिव्या मला लागतात, हे तुला माहीत आहे.

तुझ्या बदलीचं कळलं, आनंद झाला. पोरीची ॲडमिशन झाली का? नव्या घराच्या खिडक्या पूर्वेला आहेत म्हणे, मग माझी जाई घेऊन जा, इथे नुसती पानं वाढतायत. गणपतीत ये. पर्वतीला आपण दोघी जाऊ, उतरताना माझ्या बाजूने चाल.

तुझी,
मंदा

ता.क. मावशींचा वॉकर माळ्यावर असेल तर कोणाला देऊ नकोस. आईला अजून लागत नाही, आणि तो मागताना हात अडखळतोय. तेराव्याला मी उशिरा पोचले तेव्हा तो दाराशीच उभा होता, आणि मी त्याच्यावर पर्स अडकवली होती. तू पर्स काढलीस आणि काही बोलली नाहीस.