परीक्षकांचे गुण लोकांसमोर यावेत

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

पोलंडमधील वॉर्सा येथे ऑक्टोबर २०२५ मध्ये झालेल्या, पोलिश संगीतकार शोपँच्या नावाने भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेत अमेरिकेचा एरिक लू पहिला आला आणि आमच्या ओळखीच्या संगीतप्रेमींत लगेच कुजबुज सुरू झाली, की गुरूच परीक्षक असल्यावर शिष्य हरेल कसा? लूचे एक गुरू, व्हिएतनामचे पियानोवादक डांग थाइ सोन, परीक्षक मंडळात होते, हे खरे आहे. २०२१ चा विजेता ब्रूस लिऊ हाही त्यांचाच शिष्य आणि त्या वेळीही ते परीक्षक होतेच. तरीही या कुजबुजीला उत्तर आहे, आणि ते आपल्याकडच्या स्पर्धांच्या आयोजकांनीही ऐकावे, म्हणून हे पत्र.

१९२७ मध्ये सुरू झालेली आणि आता दर पाच वर्षांनी भरणारी ही स्पर्धा तरुण वादकांसाठी आहे आणि तिच्यात शोपँखेरीज दुसऱ्या कोणाची रचना वाजवता येत नाही. अंतिम फेरीत कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची मोठी रचना, वाजवायचा असतो, आणि शोपँने पियानोसाठी कॉन्चेर्टो लिहिले अवघे दोन. त्यामुळे एकाच संध्याकाळी तीच रचना पुन:पुन्हा ऐकण्याची पाळी श्रोत्यांवर येते (माझ्यासारखीला यात आनंदच वाटतो, घरच्यांना नाही). सगळ्यांची सामग्री एकच असल्याने निर्णय सोपा व्हावा असे वाटते. प्रत्यक्षात परीक्षकांच्या आवडीनिवडी तिथेच उघड्या पडतात. १९५५ मध्ये सोव्हिएत पियानोवादक अश्केनाझीला दुसरा क्रमांक मिळाला म्हणून परीक्षक मंडळातील इटालियन पियानोवादक मिकेलांजेली यांनी निकालपत्रावर सही करायचे नाकारले. १९८० मध्ये युगोस्लाव्हियाच्या इव्हो पोगोरेलिच याला अंतिम फेरीत घेतले नाही, तेव्हा १९६५ ची विजेती मार्था आर्गेरिच ‘हा प्रतिभावंत आहे’ असे सांगून परीक्षक मंडळातून बाहेर पडली. त्या वर्षी पहिले आले ते हेच डांग थाइ सोन. युद्धकाळात हनोईचे संगीत विद्यालय खेड्यात हलवले गेले असताना शिकलेला हा मुलगा ही स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई ठरला. पण पोगोरेलिचच्या गदारोळात त्याच्या यशाची चर्चा झाकोळली गेली. निकालाभोवतीच्या वादाची झळ स्वतः सोसलेला माणूस आज परीक्षक आहे, हे कुजबुजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. या स्पर्धेत परीक्षकाने स्वतःच्या शिष्याला गुण द्यायचे नाहीत, असा नियम आहे. आणि नियम नुसता कागदावर राहू नये म्हणून अलीकडच्या स्पर्धांनंतर कोणत्या परीक्षकाने कोणत्या स्पर्धकाला कोणत्या फेरीत किती गुण दिले, याचे संपूर्ण तक्ते आयोजक शोपँ संस्था प्रसिद्ध करते. २०१५ च्या तक्त्यात दिसले, की फ्रान्सचे ज्येष्ठ वादक फिलिप आंत्रमाँ यांनी विजेत्या सोंग-जिन चो याला अंतिम फेरीत दहापैकी एक गुण दिला होता! त्यावर जगभर टीका झाली. मला मात्र त्या एका गुणापेक्षा तो लपवला गेला नाही, हे मोलाचे वाटले. आंत्रमाँ यांचे मत पटो न पटो, ते त्यांच्या नावावर नोंदले गेले आणि चो तरीही जिंकला.

ही पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. सरासरीपासून फार दूर गेलेला गुण ठरावीक मर्यादेत ओढून आणण्याची तरतूद अलीकडे तेथे आहे. तिच्यामुळे एखाद्याचा आकस बोथट होतो, तसा एखाद्या आर्गेरिचचा उत्कट कौलही बोथट होतो. कोणाला न दुखावणाऱ्या वादनाला त्याचा फायदा मिळतो, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण तो घेता येतो, कारण आकडे समोर आहेत.

आपल्याकडे काय होते? १९९० आणि १९९५ मध्ये वॉर्साच्या परीक्षकांनी पहिले बक्षीस कोणालाच दिले नाही, तसा कठोर निर्णय पुण्यातही झाला आहे. २०२२ मध्ये महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचा पुरुषोत्तम करंडक कोणत्याच संघाला देण्यात आला नाही, तेव्हा केवढी चर्चा झाली, हे वाचकांना आठवत असेल. म्हणजे धैर्याची वाण आपल्याकडे नाही. कमी आहे ती आकडे दाखवण्याची सवय. मी स्वतः एका आंतरशालेय गायन स्पर्धेत परीक्षक होते. स्पर्धकांत माझी एक विद्यार्थिनी आहे, तिला मी गुण देणार नाही, असे मी आयोजकांना सांगितले, तर ‘बाई, कोण बघतंय, द्या टाकून’ असे उत्तर मिळाले. मी तो रकाना कोराच ठेवला. निकाल लागला, मुलगी तिसरी आली, आणि त्या कोऱ्या रकान्यात नंतर कोणी काही भरले की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही, कारण गुणपत्रिका मलाही पुन्हा पाहायला मिळाली नाही.

शालेय असो वा राज्यपातळीवरची, गायन-वादनाच्या प्रत्येक स्पर्धेच्या आयोजकांनी निकालासोबत परीक्षकनिहाय गुणांचा तक्ता फलकावर लावावा, अशी माझी विनंती आहे. त्याला एक कागद आणि चार टाचण्या लागतात.

आपली,
एक निवृत्त संगीतशिक्षिका, पुणे