जम्पसीट बंद करून काय साधणार?

महोदय,

अमेरिकेत ड्युटीवर नसलेल्या वैमानिकाला दुसऱ्या कंपनीच्या विमानात कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर, म्हणजे जम्पसीटवर, बसू देतात. ही पद्धत सरसकट बंद करावी, असे मत आपल्या पत्रसदरात नुकतेच वाचले. त्या पत्रात होरायझन एअरच्या घटनेबरोबर (तिथे जम्पसीटवरच्या वैमानिकानेच इंजिने बंद करण्याचा प्रयत्न केला होता) आपल्याकडचे दुबई-दिल्ली प्रकरणही गोवले होते. ही सरमिसळ चुकीची आहे. २७ फेब्रुवारी २०२३ च्या त्या एअर इंडियाच्या उड्डाणात वैमानिकाने ओळखीच्या महिलेला कॉकपिटमध्ये बसवले होते. तिला तिथे बसण्याचा अधिकारच नव्हता. म्हणूनच आपल्या विमान वाहतूक नियामकाने, डीजीसीएने, कंपनीला ३० लाखांचा दंड केला आणि वैमानिकाचा परवाना तीन महिने निलंबित केला. जम्पसीटवरचा वैमानिक असा ओळखीपाळखीने आत शिरत नाही.

सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर परक्या कंपनीच्या वैमानिकांना कॉकपिटचे दार बंदच झाले होते. काही वर्षांनी ते उघडले ते ‘कॅस’ या संगणकीय पडताळणीमुळे. वैमानिक गेटवर जाऊन जम्पसीट मागतो आणि कंपनीचे ओळखपत्र, वैमानिक परवाना व वैद्यकीय प्रमाणपत्र दाखवतो. गेटवरचा कर्मचारी त्याच्या कंपनीचा कोड आणि कर्मचारी क्रमांक टाकतो. ही चौकशी थेट त्या वैमानिकाच्या कंपनीच्या नोंदींपर्यंत जाते. उत्तरादाखल पडद्यावर त्याचा फोटो आणि होकार किंवा नकार येतो. फोटो आणि समोरचा चेहरा जुळवायचा तो माणसानेच. शिवाय दोन कंपन्यांमध्ये तसा परस्पर करार असावा लागतो.

एवढे झाले तरी शेवटचा शब्द कॅप्टनचा. जम्पसीटवाल्याने विमानात शिरताच कॅप्टनला भेटून रीतसर परवानगी मागायची, आणि कॅप्टनने नाही म्हटले तर कारण न विचारता उतरायचे. नकार यायला फार मोठे कारण लागतेच असे नाही. कर्मचारी क्रमांकातला एक आकडा चुकला किंवा कंपनीने नोंद वेळेवर अद्ययावत केली नाही, तरी पडदा ‘नाही’ म्हणतो. उन्हाळ्यात आखूड धावपट्टीवरून भरलेले विमान उडायचे असेल, तर वजनाच्या हिशेबात सगळ्यात आधी हाच माणूस गळतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा, म्हणजे एफएएचा, निरीक्षक तपासणीसाठी आला तर खुर्ची त्याची, त्यानंतर मान त्याच कंपनीच्या वैमानिकांचा, आणि उरली तर परक्याची.

ही बैठक ऐषारामाची आहे, असाही काहींचा समज दिसतो. बोइंग ७३७ मध्ये ही खुर्ची बाजूच्या भिंतीतून उघडून दाराच्या तोंडाशीच अडकवावी लागते. पाठ दाराकडे, गुडघे दोन वैमानिकांमधल्या कन्सोलपाशी. बसण्याआधी ऑक्सिजन मास्क, खांद्यावरचे पट्टे आणि खिडकीतून उतरायचा दोर समजून घ्यायचा. दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त चकार शब्द काढायचा नाही. मद्याचे नियमही ड्युटीवर असल्यासारखेच पाळायचे.

तिथे बसलेला माणूस नुसते ओझे नसतो, हेही सांगायला हवे. २८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लायन एअरचे ७३७ मॅक्स बाली-जकार्ता मार्गावर वारंवार नाक खाली घालत होते. त्या कॉकपिटमध्ये तिसरा वैमानिक बसलेला होता. नाक आपोआप खाली दाबणाऱ्या यंत्रणेचे, म्हणजे स्टॅबिलायझर ट्रिमचे, स्विच बंद करून विमान हाताने उडवत जकार्त्याला सुखरूप उतरवले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दोनच वैमानिकांनिशी उडाले आणि समुद्रात कोसळून १८९ जण गेले. एका माणसाच्या असण्या-नसण्याने सगळा फरक पडला असे कुणी म्हणू नये, पण तिसरी नजर उपयोगी पडते हे कोणताही कॅप्टन मान्य करील.

आता होरायझनची घटना. २२ ऑक्टोबर २०२३ ला एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एम्ब्राएर १७५ मध्ये जम्पसीटवरच्या वैमानिकाने दोन्ही इंजिनांचे अग्निशमन हँडल ओढण्याचा प्रयत्न केला. हँडल पूर्ण ओढले गेले तर त्या इंजिनाचा इंधनपुरवठाच तुटतो. वैमानिकांनी त्याला लगेच आवरले आणि विमान पोर्टलंडला उतरवले. हा माणूस होरायझनच्याच समूहातल्या अलास्का एअरलाइन्सचा होता, परवानाधारक होता, ओळख खरी होती. १९९४ मध्ये फेडएक्सच्या ७०५ क्रमांकाच्या उड्डाणात हातोड्यांनी तिघा वैमानिकांना रक्तबंबाळ करणारा तर त्याच कंपनीचा नोकर होता. परक्यांना बंदी घालून यातला दुसरा प्रकार मुळीच टळला नसता, आणि पहिल्यात पडताळणीने खोटे काहीच सांगितले नव्हते. माणूस कोण आहे हे संगणक सांगतो, तो कोणत्या मनःस्थितीत आहे हे सांगत नाही. नैराश्य कळवले तर परवाना जाईल या धास्तीने वैमानिक गप्प बसतात, ही खरी गोम आहे. एफएएने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२४ मध्ये याच भीतीवर बोट ठेवले.

जम्पसीटची दुखरी बाजू वेगळीच आहे आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. तिच्यामुळे वैमानिक हजारो मैल लांब राहून नोकरी करू शकतो. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ पडलेल्या कोल्गन एअरच्या ३४०७ क्रमांकाच्या विमानाची सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून निघून फेडएक्सच्या विमानांनी मेम्फिसमार्गे त्या दिवशी सकाळी नूअर्कला पोचली होती. त्या अपघातात ५० बळी गेले. मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हेच ठरले, पण दोघांच्या थकव्याची चर्चा तपासात झाली. आज प्रत्येक उड्डाणाआधी ‘मी कामाला योग्य आहे’ असे वैमानिकाला लेखी द्यावे लागते, पण ते देणारा रात्र कुठे काढून आला याची विचारपूस होत नाही.

नियम कडक करायचाच असेल तर इथे करावा. गेटवरची चौकशी वैमानिकाच्या कंपनीच्या नोंदींपर्यंत जातेच, तर ड्युटीच्या आधीच्या बारा तासांतली अशी प्रत्येक चौकशी ड्युट्या लावणाऱ्या रोस्टर विभागाच्या टेबलावरही दिसावी. वैमानिकांच्या संघटना याला कडाडून विरोध करतील हे उघड आहे, आणि नोंद कारवाईसाठी वापरणार नाही अशी लेखी हमी मागण्याचा त्यांना हक्कही आहे.

— दोन निवृत्त वैमानिक, पुणे